‘दुसरा आहे ना!’

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्री निवांत वाचा.

गेल्या मंगळवारी तालुक्याला एका कार्यालयात रांगेत उभा होतो. माझ्या पुढे एक आजोबा. नातीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता, आणि मुदत शुक्रवारपर्यंत. खिडकीतल्या मुलीने वर न बघताच सांगितलं, “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” आजोबा पंच्याहत्तरीच्या पुढचे, त्यामुळे एसटीला तिकीट लागत नाही. पण सकाळी सातला घरून निघायचं, अकराला पोचायचं आणि हे तीन शब्द ऐकून परत फिरायचं. तिकीट फुकट असलं तरी दिवस फुकट नसतो. खिडकीतल्या मुलीवर माझा राग नाही. तिच्या हातात काहीच नसतं, आणि दिवसभर शिव्या मात्र तीच खाते.

माझ्या मागे गावातलाच एक पोरगा उभा होता. मी बावीस वर्षं सर्व्हर सांभाळण्याचं काम केलं हे त्याला माहीत. तो म्हणाला, “काका, एक सांगा. हे लोक सगळं दोन-दोन घेतात म्हणे. एक पडला तर दुसरा. मग डाऊन होतंच कसं?”

मी तिथल्या तिथे दोन मिनिटांत काहीतरी सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही नाही. प्रश्न चांगला आहे. उत्तर द्यायचं तर जरा मागे जावं लागतं, म्हणून ही पोस्ट.

आधी एक रोजच्या ओळखीचं उदाहरण. मुंबईत नोकरी केलेल्या प्रत्येकाला रविवारचा मेगाब्लॉक माहीत आहे. फास्ट लाइनवर काम काढलं की फास्ट गाड्या स्लो लाइनवरून सोडतात. गाड्या उशिरा येतात, गर्दी होते, पण लोकल चालू राहते. रूळ बदलले जातात, ओव्हरहेड वायरची दुरुस्ती होते. चार रूळ असल्याचा हा फायदा. पण त्याच रविवारी स्लो लाइनवर एक गाडी बंद पडली तर? मग फास्टवाले आणि स्लोवाले दोघेही रुळांवरून चालत निघतात. म्हणजे ज्या वेळी आपण दुरुस्ती करत असतो, नेमक्या त्याच वेळी आपल्याकडे ‘दुसरा’ नसतो. एरवी दोन पायांवर उभे असलेलो आपण त्या चार तासांपुरते एका पायावर उभे असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

‘काम बंद न करता दुरुस्ती’ हे वेड मुळात टेलिफोनवाल्यांचं. अमेरिकेत इंडियानापोलिस शहरात इंडियाना बेल कंपनीची आठ मजली इमारत होती. कंपनीला त्याच जागेवर मोठी इमारत हवी होती. जुनी पाडायची तर शहराचे फोन बंद पडणार. तेव्हा कर्ट व्हॉनेगट नावाच्या वास्तुविशारदाने (प्रसिद्ध कादंबरीकार व्हॉनेगट यांचे वडील) सुचवलं की पाडू नका, सरकवा. १९३० च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, साधारण महिनाभरात, सुमारे ११,००० टनांची ती इमारत जॅक आणि रूळ लावून बाजूला सरकवली आणि ९० अंशांत फिरवली. आत सुमारे ६०० माणसं रोजच्यासारखी कामावर येत होती. पाणी, गॅस, वीज, फोनच्या तारा, सगळ्यांची जोडणी आधीच लांब आणि लवचीक करून ठेवली होती. फोन एकदाही बंद पडला नाही. इंटरनेटवर हे फोटो ‘आश्चर्य!’ म्हणून फिरत असतात. माझ्या मते आश्चर्य इमारत हलवण्यात नाही, त्या आधीच लांब करून ठेवलेल्या तारांमध्ये आहे. बदल करायची वेळ येणार हे कोणीतरी आधी धरून चाललं होतं.

त्याच बेलवाल्यांनी ३० मे १९६५ रोजी न्यू जर्सीतल्या सकासुना या छोट्या गावात पहिलं मोठं इलेक्ट्रॉनिक टेलिफोन एक्स्चेंज सुरू केलं. नाव ‘वन ईएसएस’. त्याच्या रचनेचं उद्दिष्ट काय होतं? ४० वर्षांत मिळून फक्त २ तास बंद. म्हणजे वर्षाला ३ मिनिटं. आपल्याकडे कार्यालयात प्रिंटरमध्ये कागद भरायला याहून जास्त वेळ जातो. हे कसं साधायचं? मेंदू दोन बसवले. दोघेही एकच काम एकाच वेळी करायचे आणि उत्तरं ताडून बघायचे. जुळलं नाही की कोण चुकलं ते शोधायचं, चुकणाऱ्याला बाजूला काढायचं, दुसरा एकटा गाडा ओढणार. प्रोग्राम बारीक चुंबकं लावलेल्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर साठवलेला असायचा. प्रोग्राम बदलायचा म्हणजे अक्षरशः पत्रे बदलायचे. आज आपण ज्याला ‘फर्मवेअर अपग्रेड’ म्हणतो त्याचे हे पणजोबा.

फर्मवेअर म्हणजे काय, तेही इथेच सांगून टाकतो. मोबाइलमधलं ॲप हे सॉफ्टवेअर. पण मोबाइलची बॅटरी किती चार्ज झाली हे ठरवणारा, यंत्राच्या पोटातच बसवून दिलेला जो छोटा प्रोग्राम असतो, ते फर्मवेअर. सर्व्हरमध्ये हे प्रत्येक भागात असतं. डिस्कमध्ये, नेटवर्क कार्डात, अगदी पंख्यांचा वेग ठरवणाऱ्या भागातसुद्धा. ते दिसत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात राहत नाही. आणि ते बदलायचं म्हणजे बहुतेक वेळा तो भाग बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. अडचण इथेच सुरू होते.

टेलिफोननंतर नंबर लागला बँकांचा. १९७४ मध्ये जिमी ट्रेबिग नावाच्या, पूर्वी एचपीत काम केलेल्या माणसाने कॅलिफोर्नियात टँडम कंपनी काढली. टँडम म्हणजे दोन स्वारांची सायकल. नावातच सगळं आलं. त्यांच्या यंत्राचं नाव ‘नॉनस्टॉप’, आणि पहिलं यंत्र १९७६ मध्ये सिटीबँकेला गेलं. त्यात प्रत्येक गोष्ट किमान दोन. प्रत्येक प्रोसेसर दर सेकंदाला बाकीच्यांना निरोप पाठवायचा, “मी जिवंत आहे.” निरोप येईनासा झाला की बाकीचे समजायचे, गेला, आणि त्याचं काम उचलायचे. घरात म्हातारं माणूस रात्री खोकलं नाही की आपण उठून बघतो ना, अगदी तसंच.

याच टँडममध्ये जिम ग्रे नावाचा संशोधक होता. पुढे त्याला संगणकशास्त्रातला सगळ्यात मोठा, ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आणि २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून एकटा शिडाची होडी घेऊन गेला तो परतलाच नाही. त्याने १९८५ मध्ये एक साधा प्रश्न घेऊन अभ्यास लिहिला: संगणक बंद का पडतात? टँडमची यंत्रं तर न थांबणारी. ती थांबली तर का थांबली? उत्तर ऐका. यंत्रातला बिघाड १८ टक्के. सॉफ्टवेअर २५ टक्के. वीज, वातावरण वगैरे १४ टक्के. आणि सगळ्यात मोठा वाटा, ४२ टक्के, कशाचा? देखभालीचा. चालवणारी माणसं, जोडणी करणारी माणसं, दुरुस्ती करणारी माणसं. म्हणजे यंत्र दोन घेतल्यामुळे यंत्राचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला. मग उरला तो दुरुस्तीच्या दिवसाचा प्रश्न.

या गोष्टीचा मुंबईशी थेट संबंध आहे. दलाल स्ट्रीटवर पूर्वी रिंगणात उभं राहून, हात वर करून, ओरडून सौदे व्हायचे. नोव्हेंबर १९९४ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने शेअरचे व्यवहार थेट संगणकावर सुरू केले, आणि मार्च १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजाराने आपली ‘बोल्ट’ ही व्यवस्था आणली. एनएसईने निवडली स्ट्रॅटस कंपनीची यंत्रं, बीएसईने टँडमची. दोन्ही कंपन्यांचा धंदा एकच, न थांबणारे संगणक. माझ्या एका नातेवाइकाने त्या रिंगणात वर्षानुवर्षं घसा फोडून काम केलं होतं. ते म्हणायचे, “आमच्या वेळी बाजार बंद पडायला दंगल तरी व्हावी लागायची.” असो.

ही यंत्रं महाग होती. जिल्ह्याच्या बँकेला किंवा महापालिकेला परवडणारी नव्हती. ते चित्र बदललं २००१ नंतर. टेक्सासमधल्या आरएलएक्स नावाच्या छोट्या कंपनीने सव्वापाच इंच उंचीच्या एका पेटीत २४ सर्व्हर बसवले. एकेक सर्व्हर म्हणजे एक पातळ पाटी, वहीसारखी आत सरकवायची. यालाच ब्लेड सर्व्हर म्हणतात. (दाढीचा काही संबंध नाही, हे एका खरेदी समितीला मला खरोखर समजावून सांगावं लागलं होतं.) मग आयबीएम आली, एचपी आली. एचपीने २००५ मध्ये आरएलएक्सच विकत घेतली. २००६ मध्ये आलेली एचपीची पेटी आपल्याकडच्या बँकांत, सरकारी डेटा सेंटरांत खूप दिसायची. त्यात १६ ब्लेड, ६ पॉवर सप्लाय, १० पंखे, देखरेख करणारे २ मेंदू, आणि नेटवर्क-स्टोरेजकडे जाणारे रस्ते जोडीने, डावे आणि उजवे. दरम्यान टँडम १९९७ मध्ये कॉम्पॅककडे गेली, कॉम्पॅक २००२ मध्ये एचपीकडे, आणि २००८ मध्ये तो नॉनस्टॉपसुद्धा याच पेटीत येऊन बसला. सिटीबँकेपासून निघालेली वाट आपल्या गल्लीपर्यंत आली ती अशी.

या जोडीने असण्याला आमच्यात ‘रिडंडन्सी’ म्हणतात. एका लेखापरीक्षकांनी शब्दकोश काढून मला विचारलं होतं, “याचा अर्थ तर ‘अनावश्यक’ असा दिलाय. अनावश्यक आहे तर घेतलं कशाला?” आम्ही तेव्हा खूप हसलो. नंतर लक्षात आलं, त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. आपण दुसरा कधी वापरणारच नसू, तर तो अनावश्यकच आहे.

आता अशा पेटीचं फर्मवेअर काम न थांबवता कसं बदलतात ते सांगतो. पुस्तकात वाचायला फार सोपं आहे. देखरेखीचे दोन मेंदू असतात, एक कामावर, एक राखीव. आधी यांना नवं फर्मवेअर द्यायचं, राखीवाकडून कारभार करून घ्यायचा. ते बंद-चालू झाले तरी ब्लेडना काही कळत नाही. मग एकेक ब्लेड. २००३ पासून एक सोय झाली आहे, चालू असलेलं काम न थांबवता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर उचलून ठेवता येतं. ब्लेड रिकामं करायचं, फर्मवेअर बदलायचं, चालू करायचं, काम परत आणायचं. भाडेकरू एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवून रंग द्यावा तसं. शेवटी, किंवा कंपनी सांगेल त्या क्रमाने, नेटवर्क आणि स्टोरेजचे रस्ते. हे सगळ्यात नाजूक. आधी एक बाजू, मग थांबायचं. खरोखर थांबायचं. कारण दिवा हिरवा होतो तेव्हा फक्त तार जोडली गेलेली असते, पुढचा रस्ता अजून उघडलेला नसतो. हिरवा दिवा बघून घाईने दुसरी बाजू बंद केली की दोन्ही गेले. त्या दोन बाजूंच्या मधल्या दहा-पंधरा मिनिटांत काहीच करायचं नसतं, आणि माणसाला सगळ्यात कठीण तेच जातं.

आता माझी कबुली.

साधारण बारा वर्षांपूर्वी एका सहकारी बँकेचं हेच काम माझ्याकडे होतं. १४ ब्लेड. शनिवारची रात्र. एटीएम चालू ठेवायची, ग्राहकाला कळता कामा नये, असा आदेश. मी साहेबांना म्हणालो होतो, तासभर बंदची सूचना लावून टाकू या. साहेब म्हणाले, “अहो, एवढे पैसे कशाला घातले मग? दुसरा आहे ना!” त्यांचंही बरोबरच होतं म्हणा.

माझ्याकडे छापील यादी होती. त्यात एक ओळ: ‘प्रत्येक ब्लेडचे स्टोरेजकडे जाणारे दोन्ही रस्ते चालू असल्याचे तपासले.’ मी चार ब्लेड तपासले. चारही ठीक. मग चौदाच्या चौदा ओळींवर बरोबरची खूण केली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि सगळी एकाच साच्यातली तर होती.

उजव्या बाजूचं काम सुरू केलं. ती बाजू बंद-चालू होताच दोन ब्लेड गारठले. झालं होतं असं की ते दोन ब्लेड आठ महिन्यांपूर्वी नंतर बसवलेले. बसवणाऱ्याने त्यांची उजवी बाजू जोडून दिली आणि डाव्या बाजूचं ‘उद्या करू’ म्हणून राहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात आठ महिने एक पिवळा त्रिकोण दिसत होता. आम्ही तो रोज बघत होतो. रोज बघितल्यामुळेच दिसेनासा झाला होता. आणि एटीएमचा व्यवहार सांभाळणारा प्रोग्राम? त्याच्या दोन प्रती होत्या, नियमाप्रमाणे दोन वेगळ्या ब्लेडवर. नेमक्या या दोन ब्लेडवर.

बाजू काही मिनिटांत परत आली, पण गारठलेले सर्व्हर पुन्हा उठवणं, डेटाबेस तपासणं, यात ४७ मिनिटं गेली. मध्येच एका शाखेच्या एटीएमवरच्या वॉचमनचा फोन आला. “साहेब, एक बाई आल्यात, दवाखान्यात भरायला पैसे पाहिजेत म्हणतात. काय सांगू?” मी म्हणालो, शेजारच्या दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर पाठवा. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की कार्ड आमचं, विचारणा आमच्याकडेच येणार, कुठल्याही एटीएमवर तिला नकारच मिळणार. परत फोन केला तर ती निघून गेली होती. वॉचमनने स्वतःच्या खिशातले आठशे रुपये तिला दिले होते, हे मला सोमवारी कळलं.

अहवालात मी ‘तांत्रिक कारण’ लिहिलं. जिम ग्रेच्या हिशेबात मी त्या ४२ टक्क्यांत मोडतो.

त्यानंतर मी एक पद्धत ठेवली. नवं फर्मवेअर टाकायच्या आठवडाभर आधी, जुन्याच फर्मवेअरवर, मुद्दाम एक बाजू बंद करून बघायची. काही पडलं तर कशामुळे पडलं ते स्वच्छ कळतं, आणि लगेच परत चालू करता येतं. दोन्ही गोष्टी एकाच रात्री केल्या की नव्या फर्मवेअरचा दोष की जुन्या जोडणीचा, हे शोधण्यात पहाट होते.

एका पायावर उभं राहण्याची मोठी किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाचे दिवस, रुग्णालयं भरलेली. तेव्हाच्या ऊर्जामंत्र्यांनी त्या दिवशी दिलेलं कारण असं: कळवा-पडघा इथल्या ४०० केव्ही केंद्रात एका सर्किटचं देखभालीचं काम चालू होतं, त्यामुळे सगळा भार दुसऱ्या सर्किटवर होता, आणि त्या दुसऱ्यातच अचानक बिघाड झाला. पुढे त्यावर सायबर हल्ल्याच्याही चर्चा झाल्या, चौकश्या झाल्या. पण पहिल्या दिवशीचं ते एक वाक्य मी जपून ठेवलंय. ब्लेडची पेटी असो की चारशे केव्हीची लाइन, अपघात त्याच चार तासांत वाट बघत बसलेला असतो.

त्या पोराला मी रांगेत अर्धवट सांगितलेली दुसरी गोष्ट म्हणजे जुळ्यांचा दोष. दोन यंत्रं अगदी एकसारखी असतील, तर त्यांच्यातली चूकही एकसारखीच असते.

१५ जानेवारी १९९०. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीची देशभरात ११४ मोठी एक्स्चेंज. एक पडलं तर कॉल दुसरीकडून वळवायचे, अशी भक्कम व्यवस्था. महिनाभरापूर्वीच, डिसेंबरात, सगळीकडे नवं सॉफ्टवेअर टाकलेलं. दुपारी अडीचच्या सुमारास न्यूयॉर्कच्या एक्स्चेंजमध्ये किरकोळ बिघाड झाला, ते काही सेकंदांत स्वतःच सावरलं आणि शेजाऱ्यांना कळवलं, “मी परत आलो.” हा निरोप घेताना लगोलग दुसरा निरोप आला की नव्या सॉफ्टवेअरमध्ये गोंधळ व्हायचा. सी भाषेतल्या ‘ब्रेक’ या एका शब्दाची जागा चुकली होती. शेजारचं एक्स्चेंज गोंधळून स्वतःला बंद-चालू करायचं, आणि उठल्यावर तेही सगळ्यांना सांगायचं, “मी परत आलो.” मग त्याचे शेजारी पडायचे. आजारी माणूस बरा झाल्याची बातमी ऐकून शेजारी आजारी पडावेत, तसं सुमारे नऊ तास चाललं. कोट्यवधी कॉल लागलेच नाहीत. सगळ्या ११४ ठिकाणी तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे वळवायला निरोगी जागाच उरली नाही. उपाय काय केला? जुनं सॉफ्टवेअर परत टाकलं. ते परत टाकता आलं, हे महत्त्वाचं.

दुसरं उदाहरण तर पुराणातल्या शापासारखं आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने आपल्या ग्राहकांना कळवलं की आमच्या काही एसएसडी डिस्कच्या फर्मवेअरमध्ये चूक आहे. त्या ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. डिस्कही जाणार आणि आतली माहितीही परत मिळणार नाही. आता विचार करा. आपण डिस्क जोडीने लावतो, एक गेली तर दुसरी. दोन्ही एकाच दिवशी आणलेल्या, एकाच वेळी चालू केलेल्या. म्हणजे दोघींचं घड्याळ एकच. पहिली गेल्यावर दुसरीही जवळजवळ त्याच घटकेला जाणार. इथे ‘दुसरी आहे ना’ म्हणण्यात काही अर्थ आहे का? वाचायचा मार्ग एकच होता, त्याआधी फर्मवेअर बदलणं. जे “चालतंय ना, मग हात कशाला लावायचा” म्हणून बसले, त्यांच्यासाठी काळ मोजत होता.

उलटही घडतं. जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधल्या दोन मोठ्या सुरक्षा-त्रुटी जाहीर झाल्या. इंटेलने घाईने दुरुस्ती काढली, जगभर लोकांनी ती टाकायला सुरुवात केली, यंत्रं आपोआप बंद-चालू होऊ लागली, आणि त्याच महिन्यात इंटेललाच सांगावं लागलं, थांबा, टाकू नका. तेव्हा घाई करणारेही फसतात आणि न करणारेही. ज्यांनी आधी एकाच यंत्रावर टाकून चार दिवस वाट पाहिली, त्यांचं नुकसान एका यंत्रापुरतं झालं.

शेवटचं उदाहरण पुन्हा मुंबईचं. २४ फेब्रुवारी २०२१, बुधवार. सकाळी ११:४० ला एनएसईचे व्यवहार थांबले, ते पावणेचारला सुरू झाले आणि पाचपर्यंत चालवले. एनएसईकडे दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन होत्या. त्यांच्या खुलाशानुसार दोन्हीकडे अडचण आली, कारण रस्त्यातलं खोदकाम आणि बांधकाम. त्यानंतर दोन ठिकाणी जोडीने चालणारी स्टोरेज यंत्रणा अपेक्षेप्रमाणे वागली नाही. कागदावर दोन कंपन्या होत्या, जेसीबीला एक रस्ता पुरला.

पण इथेच थांबलो तर अन्याय होईल. २ मार्च २०२४ हा शनिवार. त्या दिवशी शेअर बाजारांनी खास सत्र ठेवलं. पहिला भाग नेहमीच्या ठिकाणाहून आणि दुसरा भाग राखीव ठिकाणाहून, खरे सौदे, खरे पैसे. म्हणजे त्यांनी ‘दुसरा’ खरोखर चालवून बघितला, दिवसाढवळ्या, जाहीर करून. त्याच वर्षी मे महिन्यात पुन्हा एकदा. रेल्वेचं आरक्षणही रोज मध्यरात्रीच्या सुमारास थोडा वेळ बंद असतं, सगळ्या देशाला ते माहीत आहे, आणि त्याबद्दल कोणी खिडकी फोडत नाही. वेळ ठरलेली असली की लोक समजून घेतात. भर दुपारी, न सांगता, मुदतीच्या आठवड्यात बंद झालं की मग सातची एसटी धरून आलेल्या माणसाचा जीव जळतो.

आपल्याकडच्या निविदा बघा. दोन सर्व्हर, दोन स्विच, दोन लाइन, सगळं लिहिलेलं असतं, कारण वस्तूचं बिल होतं. वर्षातून दोनदा एक बाजू मुद्दाम बंद करून बघा, याचं बिल होत नाही. फर्मवेअरसाठी ठरलेला बंद-काळ मागणाऱ्याला साहेब विचारतात, मग एवढे पैसे कशाला घातले? आणि सांभाळणारा पोरगा अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. त्याला पिवळा त्रिकोण दिसला तरी तो कोणाला सांगणार, आणि त्याच्यानंतर येणाऱ्याला तो कधीपासून आहे हे कोण सांगणार?

तर आजोबांना दाखला गुरुवारी मिळाला, तिसऱ्या खेपेला. मी मुद्दाम खिडकीत विचारलं, “ताई, दोन दिवस कशामुळे बंद होतं?” ती म्हणाली, “वरूनच बंद होतं.” मी वर बघितलं. वर पंखा फिरत होता.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज कालच टाकलाय. प्रश्न एकच विचारलाय: दुसऱ्या सर्व्हरवर काम शेवटचं कोणत्या तारखेला चालवून बघितलं? तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो.